वाचून दाखवण्याजोगं

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. सगळ्या ग्रंथात मला तो जास्त जवळचा वाटतो. त्यात मोक्षाची चर्चा नाही. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं काढावं. काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी असाव्यात. पहिलं अक्षर जसं उमटलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत उमटत राहावं, सगळं एकाच टाकानं लिहिलंय असं वाटावं. कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे पुढे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगाचं राहत नाही. मग कागद, शाई, बोरू, चाकू यांची बारीकसारीक तजवीज. हे सांगणाऱ्याचा कागदा-शाईवर किती जीव होता ते ओवी-ओवीतून कळतं.

रामदासांचा जन्म 1608 साली जांबचा. जांब म्हणजे आमच्या तीर्थपुरीच्या शेजारचं गाव, एकाच घनसावंगी तालुक्यातलं. तिकडचे शेतकरी आमच्या कृषी सेवा केंद्रात बियाण्याला, औषधाला येतात. त्यांचं बिल फाडताना कधीकधी मनात येतं, की अक्षर कसं काढावं हे इतक्या मायेनं सांगणारा माणूस याच मातीतला. त्या समासाची सुरुवात मात्र ब्राह्मणानं बाळबोध अक्षर घोटून सुंदर करावं अशी आहे. तेव्हा लिहिणं ज्यांच्याकडे होतं, त्यांनाच ते सांगितलं गेलं. आमच्या घरात माझ्या आजोबांपर्यंत कुणी लेखणी धरली नव्हती. तरीही तो समास मी माझ्यासाठी लिहिला असल्यासारखा वाचतो आणि त्यात काही चुकीचं करतोय असं मला वाटत नाही. ग्रंथ एकदा लिहून झाला की वाचणारा कोण असावा हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

त्याच जांबचे राजकुमार तांगडे. शेती करतात आणि नाटकं लिहितात. त्यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012 साली रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन नंदू माधव यांचं, गाणी संभाजी भगत यांची आणि रंगमंचावरची पुष्कळ माणसं जालना जिल्ह्यातली. आमच्या भागात जे बोलतात ते तसंच्या तसं पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत बोललं गेलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. एका गावात चारशे वर्षांच्या अंतरानं असे दोन लिहिणारे व्हावेत याचं मला फार अप्रूप आहे. दोघांत एक गोष्ट सारखी दिसते. दोघांनीही ऐकणाऱ्यासाठी लिहिलं. ओवी म्हणायची असते, नाटक बोलायचं असतं.

वाचन म्हणजे एकट्यानं कोपरा धरून बसणं, ही समजूत आमच्याकडे उशिरा आली. माझ्या लहानपणी श्रावणात पोथी लावायचे. कधी ‘पांडवप्रताप’, कधी ‘हरिविजय’. श्रीधरस्वामींचे हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. मराठी खेड्यांनी ते तीनशे वर्षं कानानं वाचले. पाटावर पोथी उघडायची, एकानं ओव्या म्हणायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. बाया वाती वळत बसायच्या. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण वाचणाऱ्यानं चुकून पान ओलांडलं तर वाती वळता वळता तीच पहिल्यांदा म्हणायची, “थांब, मधलं राह्यलं.” अभिमन्यू पडला त्या रात्री कुणी धड जेवलं नाही, आणि सकाळी हापशावर त्याच्याबद्दल असं बोलणं चाललं होतं की जणू पलीकडच्या आळीतलाच पोरगा गेला. सप्ताहातलं ज्ञानेश्वरीचं पारायणही असंच, पन्नास जण एका सुरात वाचतात. अर्थ सगळ्यांनाच लागतो असं नाही, पण कुठे थांबायचं आणि कुठे आवाज उचलायचा हे प्रत्येकाला कळतं.

लिहिण्याची गोडी मला या पोथीनं लावली. पुढे कॉलेजात असताना रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ हाती आली. 1971 सालची ही कादंबरी गावातल्या शिंप्याची बायको, पार्वती, आपल्या तोंडानं सांगते. पहिली काही पानं मी मनात वाचली आणि मग राहवेना म्हणून मोठ्यानं वाचायला लागलो. आई चुलीपाशी होती. तिनं हातातलं काम न थांबवता विचारलं, “ही कुठली बाई म्हनायची?” पुस्तकातली आहे म्हटल्यावर तिला खरं वाटेना. छापलेल्या पानातली बाई आपल्यासारखी बोलते, रडताना आपल्यासारखीच वाक्य अर्धं सोडते, हे तिला नवं होतं. मलाही नवं होतं. पाठ्यपुस्तकातलं मराठी मला येत होतं, आवडतही होतं. पण आपल्या घरातलं बोलणं एवढं दुःख पेलू शकतं, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी दुकानातल्या रद्दी कागदाच्या पाठीमागे ऐकलेली वाक्यं टिपून ठेवायला लागलो. मृगात कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी उसळते, गौरी-गणपतीच्या सुमारास फवारणीची औषधं जातात, बोंडअळी पडली की माणसं हातात किडलेलं बोंड घेऊनच दुकानाची पायरी चढतात. ते बोंड काउंटरवर नखानं फोडायचं, आतली गुलाबी अळी दाखवायची आणि काही न बोलता आपल्या तोंडाकडे बघत राहायचं. ही न बोललेली वाक्यं टिपणं सगळ्यात अवघड. त्यात जी रंगत आहे ती मला दुसऱ्या कशात सापडलेली नाही.

नोकरी-धंदा सांभाळून हे कसं जमतं, असं लोक विचारतात. मी त्यांना बी. रघुनाथांचं नाव सांगतो. भगवान रघुनाथ कुळकर्णी. जन्म 1913 चा, सातोन्याचा. सातोना आता आमच्याच जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात येतं. तेव्हा ते परभणीकडे होतं, कारण जालना जिल्हाच मुळी 1981 साली झाला. मॅट्रिक होऊन ते निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून झाले आणि तिथेच राहिले. तो काळ आज नीट डोळ्यांपुढे आणायला हवा. सरकारी कामकाज उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं म्हणून. मराठीत लिहून या राज्यात ना बढती मिळणार होती ना मान. मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना 1943 ची, म्हणजे बी. रघुनाथ तिशीला आले तोवर लिहिणाऱ्यांना एकत्र बसायला हक्काची जागाही नव्हती. पुण्या-मुंबईचे प्रकाशक दूर, वाचक विखुरलेले. आणि तरीही ‘आलाप आणि विलाप’मधल्या कविता, ‘साकी’तल्या कथा, ‘आडगावचे चौधरी’सारखी कादंबरी या माणसानं दिवसभर फायली उपसून लिहिल्या. 7 सप्टेंबर 1953 रोजी परभणीला कचेरीत काम करतानाच त्यांचं हृदय थांबलं. वय चाळीस.

त्यांच्या आयुष्याकडे लोक हळहळ म्हणून बघतात. वेळ मिळाला असता, पैसा मिळाला असता, तर काय काय लिहिलं असतं! मला ते आयुष्य उणं वाटत नाही. ज्याला कुणी लिही म्हणत नव्हतं, लिहून काही पदरात पडणार नव्हतं, तो इतकं लिहितो तेव्हा त्यामागे लिहिण्याचं सुखच असणार. ते सुख खरं होतं म्हणूनच ते लिखाण टिकलं, असं माझं ठाम मत आहे. कवी महानोरांचंही तेच. ‘रानातल्या कविता’ 1967 साली आल्या, नाव झालं, ते विधान परिषदेत गेले, पण पळसखेडची शेती सुटली नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आमच्या भागात हल्ली कविता लिहिणारी पोरं खूप आहेत आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण वही भरायच्या आधी त्यांना पुस्तक काढायची घाई झालेली असते. पदरचे पैसे भरायचे, चार-पाचशे प्रती छापून घ्यायच्या, पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन, शाल-श्रीफळ, आणि मग गठ्ठे माळवदाखालच्या खोलीत. काहींनी त्यासाठी उसनवारी केलेली मला माहीत आहे. त्या पोरांचा राग येत नाही, जीव तुटतो. कारण पुस्तक निघाल्यावर बहुतेकांचं लिहिणं थांबतं. आपण लेखक झालो की नाही या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पैसे देऊन मिळवलेलं असतं, आणि ते उत्तर त्यांनाच पटत नाही. तेवढ्या पैशात शे-दीडशे चांगली पुस्तकं येतात. ती वाचली, त्यातली पाच-दहा घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, तर पुढे जे लिहिलं जाईल त्याला वेगळीच धार येईल.

पुस्तकं मिळत नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालीच झाला. त्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. अशी अकरा-बारा हजार वाचनालयं महाराष्ट्रात आहेत. एवढं जाळं असणं ही मोठीच कमाई. पण खेड्यातलं वाचनालय बहुधा ड वर्गातलं. एक खोली, दोन-तीन लोखंडी कपाटं, सकाळी पेपर वाचणारी म्हातारी माणसं आणि दुपारपासून स्पर्धा परीक्षेची पोरं. त्या पोरांपुढे गाईडं असतात आणि कपाटाकडे त्यांची पाठ असते. त्यांना दोष कसा देणार? घरी दोन-तीन एकर, वडिलांना मोसंबीनं दगा दिलेला, भरतीची वयोमर्यादा जवळ आलेली. कामाचं वाचन त्यांना करावंच लागतं. पण त्यांच्यातला एक जण, पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे कारखान्याच्या रस्त्यावर धावणारा पोरगा, मध्यंतरी दुकानात आला. माझ्याकडची ‘पाचोळा’ त्यानं नेली होती. काउंटरवर पुस्तक ठेवून म्हणाला, “दादा, दुसरं असंच हाय का? पण परीक्षेच्या कामाचं नको.” त्याला मी भास्कर चंदनशिव यांच्या कथा दिल्या. आता तो आला की आधी पुस्तकाचं बोलतो, मग वडिलांनी सांगितलेल्या औषधाची चिठ्ठी काढतो. अशा एका वाचकासाठी मी दुकानात एक फळी राखून ठेवली आहे, कीटकनाशकांपासून लांब, कोरड्या बाजूला. तिथून पुस्तक न्यायला कुणालाही वर्गणी नाही.

मी स्वतः अजून पुस्तक काढलेलं नाही. दिवाळी अंकांना कथा पाठवतो, कधी लागते, कधी नाही. लागली की आनंद होतो आणि तो लपवायचं काही कारण नाही. पण लिहितो ते आधी घरात वाचून दाखवतो. जेवणं झाली की ओसरीवर आई, चुलती आणि शेजारची एक-दोन माणसं बसतात. पोथी आता कमी झाली आहे, तिची वेळ माझ्या वहीला मिळाली, एवढंच. सध्या एका शेतकऱ्याची गोष्ट लिहितोय. पहिल्या पावसानंतरची पेरणी उलटली, आणि तो दुसऱ्यांदा उधारीवर बियाणं घेऊन घरी येतो. दारातच बायको विचारते, “किती उधारी केलीत?” तिथे मी लांबलचक भांडण लिहिलं होतं. वाचून झाल्यावर चुलती म्हणाली, “ती काही इचारनार न्हाई. तुमी लिवनारे बायांना लई बोलायला लावता.”

“मग काय करेल?”

“पिशवी हातातून घील अन् पाकिटं मोजंल. मोजून झाली की मग पानी आनून दील. पाकिटावरूनच कळतंय की तिला, किती झालं आसंल.”

आईला ते पटलं नाही. आईच्या मते ती मोजणारच नाही, कारण मोजलं तर आकडा पक्का होतो, आणि रात्रभर तो डोक्यात फिरतो. ती पिशवी न उघडता कणगीमागे ठेवील आणि जेवायला वाढील. शेजारचे नाना म्हणाले, तिनं काही केलं तरी तो गडी त्या रात्री जेवणार नाही, हे तू लिहिलंच नाहीस. मग तिघांचं जुंपलं. चुलतीनं आपल्या लग्नानंतरच्या दुष्काळाची गोष्ट काढली, आईनं 1972 सालच्या खडी फोडण्याच्या कामावरची, आणि माझ्या कथेतली बाई त्या दोन्हींच्या मधोमध उभी राहिली. मी वही मिटली नाही. त्यांचं बोलणं चालू असतानाच भांडणाच्या सगळ्या पानावर काट मारली आणि समासाच्या मोकळ्या जागेत दोन्ही शक्यता लिहून घेतल्या. पुढच्या वेळी दोन्ही वाचणार आहे. चुलतीनं आत्ताच बजावलं आहे, की मोजणारी बाई आधी वाच.