पडदा ओढला, ट्यूब लावली

एप्रिलमध्ये पुण्यात एका ओळखीच्या काकूंच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. सातवा मजला, हॉलला पश्चिमेकडे आठ फूट रुंद आणि सात फूट उंच काच, बाहेर तीन फुटी गॅलरी. ‘‘डोंगर दिसतो म्हणून तर घेतला,’’ काकू म्हणाल्या. तेव्हा पाच वाजले होते. जाड पडदा ओढलेला, एसी चालू, ट्यूबही चालू. डोंगर पडद्यापलीकडे.

मी इमारतींमधल्या उजेडाचं काम करतो, त्यामुळे असल्या घरी चहा पिता पिता डोक्यात हिशेब सुरू होतो. त्या वेळी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला 500 ते 600 वॅट ऊन पडतं. साधी काच त्यातलं 80 टक्के आत सोडते. काकूंच्या काचेतून दोन किलोवॅटच्या घरात उष्णता येत होती, म्हणजे दीड टनी एसीची एक तृतीयांशाहून जास्त ताकद. पडदा आतून लावलेला. ऊन काच ओलांडून आलं की पडदा तापतो आणि ती ऊब खोलीतच राहते.

खरं तर उजेड लागतो किती? भर दुपारी बाहेर लाखभर लक्स असतात. वाचायला 300 पुरतात. आकाशाचा एक तुकडा दिसला तरी भागतं. ऊन अंगावर घ्यायची गरजच नसते.

दक्षिणेची खिडकी गुणी. पुण्यात 21 मार्चच्या सुमारास भर दुपारी सूर्य 71 अंशांवर असतो, तेव्हा चार फूट उंच खिडकीला दीड फुटाचा छज्जा पुरतो. डिसेंबरात सूर्य 48 अंशांवर उतरतो आणि थंडीत हवंसं ऊन आपोआप आत येतं. पश्चिमेला हे गणित कोसळतं. एप्रिलात संध्याकाळी पाचला सूर्य जेमतेम 25 अंशांवर. त्याच चार फुटी खिडकीला साडेआठ फुटी छज्जा लागेल! तरीही बिल्डर चारी बाजूंना एकच छज्जा काढतात, हल्ली तर तोही नाही.

मुंबईत कंबाला हिलवर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची ‘कांचनजंगा’ ही इमारत आहे, 1983ची. समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असे. कोरियांनी तोच उचलून कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. घर मागे सरलं, समुद्र काही गेला नाही.

चुका मीही केल्यात. पंधराएक वर्षांपूर्वी एका ऑफिसला मी गडद करडी काच सुचवली. उजेड निम्म्याहून जास्त अडला, उष्णता मात्र निम्म्याहून जास्त आत आली. काच स्वतःच तव्यासारखी तापायची, खिडकीपाशी कुणी बसेना आणि दिवसभर दिवे. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणारी, अवरक्त असते. आता मिळणाऱ्या चांगल्या लेपाच्या काचा नेमकी तीच परतवतात. म्हणून दुकानात ‘डार्क आहे का’ विचारू नका. उजेड किती टक्के आणि उष्णता किती टक्के, हे दोन आकडे मागा.

काकूंना काच बदलणं परवडणारं नव्हतं. मला वाड्यातल्या खिडक्या आठवल्या : खालच्या झडपा लावायच्या, वरच्या उघड्या. गॅलरीच्या स्लॅबची सावली पाच वाजता काचेच्या वरच्या दीड फुटावर पडत होती. तेवढी पट्टी मोकळी ठेवून त्याखाली, काचेच्या बाहेरून, बांबूची चिक टांगली. पांढऱ्या छताने वरचा उजेड उचलला. पुढच्या शनिवारी पाचला टीपॉयवर उजेड मोजायचा मीटर ठेवला : 280 लक्स. काकूंनी पेपर उघडून पाहिला आणि ट्यूब बंद केली. चिकेच्या फटींतून डोंगर पट्ट्यापट्ट्यांचा दिसत होता.

सोमवारी सोसायटीची चिठ्ठी आली. चिकेमुळे इमारतीचं एलिव्हेशन बिघडतं म्हणे. काकूंनी उत्तरासोबत मार्च आणि एप्रिलची वीजबिलं जोडायची ठरवलंय.