पांढरी वायर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये ती बेडफर्ड उभी होती. बॉनेट उघडे, पुढचे दिवे काढलेले. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी झोपवलेल्या वृद्धासारखी. तिचे मालक, ज्यांना सारे गॅरेज अण्णा म्हणत असे, रोज सकाळी दहाच्या सुमारास नातवाच्या स्कूटरवरून येत आणि लाकडी खुर्चीवर बसून राहत. वय पंच्याऐंशीच्या घरातले. गाडी पुन्हा रस्त्यावर यावी ही हौस मुलाची होती. अण्णांची अट एकच होती, वायरिंगला नवी बुद्धी शिकवू नये.

या अटीमागे आंबा घाट होता. १९७० नंतरच्या कुठल्याशा पावसाळ्यात रत्नागिरीकडून नारळ भरून ही गाडी घाट चढत होती. त्याआधी एका कारागिराने साऱ्या गाडीला मिळून एकच फ्यूज बसवला होता. दिवे, हॉर्न आणि इंजिनाला ठिणगी पुरवणारी इग्निशनची वायर, सगळ्यांचा भार त्या एका काचेच्या नळीवर. वळणावर अण्णांनी हॉर्न दाबला, हॉर्नची झिजलेली वायर लोखंडाला टेकली, फ्यूज उडाला आणि इंजिन बंद पडले. ब्रेकला साहाय्य करणारी ओढ इंजिनाकडूनच येत असल्याने ती दोन दाबांत संपली. भरलेली गाडी अंधारात मागे सरकू लागली. हँडब्रेक आणि क्लीनरने चाकामागे लोटलेला दगड, यांवर ती रात्र निभावली. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजवर गुंडाळून अण्णांनी घाट पार केला आणि घरी आल्यावर त्या जागी तांब्याची जाड तार कायमची पिळून टाकली. फ्यूज हा शब्द त्यांच्या लेखी त्या दिवसापासून विश्वासघाताचा ठरला.

तांब्याच्या तारेने आपला हिशेब पुढे चुकता केला, तो वेगळा. त्याची खूण अण्णांच्या उजव्या तळव्यावर आहे.

पेट्रोलवर चालणारे ट्रक आता दुर्मीळ झाले आहेत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तेव्हापासून पुढची काही दशके शेव्हरले आणि बेडफर्ड रस्त्यांवर ओळखीच्या होत्या; १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि मग डिझेलचे राज्य आले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही; दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते. साहजिकच पॉइंटची फट हाताने जुळवणारे कारागीरही कमी होत गेले. या शेडमधला मिस्त्री त्यांपैकी एक. पॉइंट आणि कंडेन्सर ज्या डब्यात असतात त्याला तो अजून ‘डेल्को’च म्हणतो.

हा डबा करतो ते काम मुळात साधे आणि तरीही थक्क करणारे. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलच्या जाड वेढ्यांतून वाहतात. ते वेढे सुमारे तीन ओहमचे, म्हणजे प्रवाह चार अँपिअरच्या आसपास. फिरत्या दांड्याचा उंचवटा पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, लोखंडाभोवतीचे चुंबकत्व कोसळते आणि त्याच्या धक्क्याने बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असले, तर अशा शंभर ठिणग्या दर सेकंदाला पडतात. आणि हा सारा व्यवहार चालतो तो एका पांढऱ्या वायरीच्या जिवावर.

ल्यूकस कंपनीच्या रंगसंकेतात पांढरा रंग किल्लीतून निघणाऱ्या, फ्यूज नसलेल्या वायरीचा आणि हिरवा फ्यूजमधून गेलेल्या वायरीचा. अशा कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत इग्निशनला फ्यूज नव्हता, हा विसर नव्हे, निवड होती: चालत्या गाडीचे इंजिन फ्यूजपायी बंद पडू नये. म्हणजे अण्णांचे म्हणणे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. पण तेव्हाच्या वायरींवर सुती वेष्टन नवे होते. केबिन आणि इंजिन यांमधल्या पत्र्याच्या भोकातले रबर अजून मऊ होते. पन्नास-साठ वर्षांनी ते रबर खडूसारखे भुगा होते, पत्र्याची धार वायरीला कातरते आणि मग बॅटरी आपली शेकडो अँपिअरची ताकद त्या बिचाऱ्या तारेतून ओतू पाहते. फ्यूज उपकरणाला वाचवतो असा समज सर्रास आहे. तो मुख्यतः वायरीला वाचवतो, आणि वायरीबरोबर तिच्याशेजारी बसलेल्या माणसाला.

मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने साडेसतरा अँपिअर सोसणारी अठ्ठावीस पदरी पांढरी वायर नव्याने ओढली आणि एकट्या इग्निशनसाठी, पुरवठा जिथून सुरू होतो तिथेच, दहा अँपिअरचा फ्यूज बसवला. हॉर्नचा फ्यूज वेगळा, दिव्यांचे वेगळे. मुलाने जुन्या खोक्यातला ‘३५’ लिहिलेला काचेचा फ्यूज पुढे केला तेव्हा त्याने मान हलवली. त्या जुन्या ब्रिटिश मोजणीत ३५ हा आकडा फ्यूज उडण्याचा. सतत सोसण्याची मर्यादा त्याच्या निम्मी. आजच्या फ्यूजवरचा आकडा सोसण्याचा असतो. जुन्या पस्तीसच्या जागी नवा पस्तीस घालणारा नकळत तांब्याचीच तार घालत असतो.

“अण्णा, जरा गाडीत बसा,” मिस्त्री म्हणाला.

नातवाने आधार देऊन त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवले. सेल्फ मारल्यावर इंजिन दोनदा खोकले आणि तिसऱ्या वेळी लागले. मिस्त्रीने पुढे वाकून हॉर्नच्या वायरीचे उघडे टोक सगळ्यांदेखत चेसीला टेकवले. बारीकशी ठिणगी उडाली. अण्णांचा डावा पाय क्लचवर आणि हात हँडब्रेकवर गेला. पन्नास वर्षे मध्ये गेलीच नव्हती.

इंजिन चालू राहिले. मिस्त्रीने हॉर्नचा जळका फ्यूज काढून त्यांच्या तळव्यावर, त्या जुन्या डागाशेजारी ठेवला. अण्णांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग हँडब्रेक न सोडताच म्हणाले, “आता लायटीची वायर टेकव.”