क्रिकेटवाले काका

२६ जून २०२२, रविवार. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईचा ६ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच आपल्या नावावर केला. घरात दूरदर्शन संचापुढे मी एकटाच बसलो होतो. थोड्याच वेळात मुंबईहून आतेभावाचा फोन आला. "अभिनंदन! तुमचा संघ जिंकला!" त्याच्या त्या 'तुमचा' या शब्दापाशी माझे मन अडले, आणि डोळ्यांपुढे उभे राहिले आमचे थोरले काका.

काका इंदूरच्या एका कापड गिरणीत कारकून होते. लग्न केले नाही; आमच्याच रामबागेतल्या घरी त्यांचे सारे आयुष्य गेले. गल्लीत त्यांना 'क्रिकेटवाले काका' म्हणत. त्या नावात कौतुक थोडे आणि चेष्टा अधिक होती. कसोटी सामन्यांचे त्यांना फारसे अप्रूप नव्हते. मात्र रणजीचा सामना इंदुरात असला की ते रजा टाकत. दशम्या आणि लसणाच्या चटणीचा डबा, पाण्याची सुरई, छत्री आणि रेघा आखलेली फुलस्केप वही घेऊन सकाळीच मैदान गाठत. प्रेक्षक पाऊणशे असले तरी पुष्कळ. शाळकरी वयात मी त्यांच्याबरोबर जाई आणि दुपारपर्यंत कंटाळून जाई. एकदा विचारलेच, "काका, इथे पाहायला कुणी नाही, मग तुम्ही का येता?" ते म्हणाले, "अरे, कसोटीला लाखो डोळे असतात. आपल्या पोरांकडे आपणच नाही पाहिले, तर कोण पाहणार?"

या ओढीचे मूळ त्यांच्या बालपणात होते. यशवंतराव होळकर महाराजांच्या आश्रयाने उभा राहिलेला होळकर संघ तेव्हा ऐन भरात होता. कर्णधार सी. के. नायडू; जोडीला मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड. १९४६ च्या मार्चमध्ये यशवंत क्लबच्या मैदानावर या संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतके! चौदा वर्षांचे काका तो डाव पाहत होते. पुढे संस्थान विलीन झाले. १० वेळा अंतिम सामना खेळून ४ वेळा करंडक जिंकणारा तो संघ १९५५ साली इंदुरातच मद्रासकडून ४६ धावांनी हरला आणि इतिहासजमा झाला. नाव बदलले, वैभव ओसरले, गर्दी पांगली. काका तेवढे जागेवरून उठले नाहीत.

त्यांच्या वहीत प्रत्येक चेंडूची नोंद असे. १९८८ च्या जानेवारीत नरेंद्र हिरवाणीने मद्रासच्या आपल्या पहिल्याच कसोटीत १६ बळी घेतले आणि घरोघर त्याचे नाव झाले. काका शांतपणे म्हणाले, "हा मुलगा माझ्या वहीत केव्हाचाच आहे."

मी एम.ए.ला असताना आमचा एकदा चांगलाच वाद झाला. समोर मुंबईचा संघ होता. मी म्हणालो, "काका, आपण मराठी माणसे. मुंबई जिंकली तर आपल्याला आनंद व्हायला नको का?" वहीतून मान वर न करता ते म्हणाले, "मुंबई आपले आजोळ समज. आजोळी लाड होतात, तिथली ओढही वाटते. पण सांजवात लावायची ती आपल्याच घरात." मला ते पटले नाही. आपले खरे घर सातपुड्यापलीकडे आहे, इथे आपण केवळ वस्तीला आहोत, असे मला त्या वयात वाटत असे.

आता एक कबुली दिली पाहिजे. १९९६ साली माझ्या लग्नाआधी घराला रंग काढला. काका परगावी गेले होते. माळ्यावरच्या तीस-बत्तीस वह्या मी रद्दीवाल्याच्या तागडीत घातल्या. परतल्यावर त्यांनी रिकामा माळा पाहिला, आणि "रंग छान दिलाय हो," एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

१९९९ मध्ये मध्य प्रदेश अंतिम सामन्यात पोहोचला. प्रतिस्पर्धी कर्नाटक, मैदान चिन्नास्वामीच. पहिल्या डावात आपल्याकडे ७५ धावांची आघाडी; सामना नुसता अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपला होता. काका दिवसभर वर्तमानपत्राच्या कचेरीत खेपा घालून धावसंख्या विचारून येत होते. संध्याकाळी आले ते काही न बोलता आत गेले. संघ १५० धावांत गारद होऊन ९६ धावांनी हरला होता.

२००३ च्या पावसाळ्यात काका गेले. उशाखाली एक वही सापडली. शेवटचे लिहिलेले पान त्या पराभवाचे. त्यापुढच्या पानावर मात्र नव्या सामन्यासाठी रेघा नीट आखून ठेवलेल्या होत्या.

१९९९ च्या त्या संघाचे कर्णधार होते चंद्रकांत पंडित, मुंबईत घडलेला खेळाडू. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक म्हणून उभे असलेल्या पंडितांचे डोळे मुंबईला हरवल्यावर पाणावले, ते मी पाहिले. काकांचे आजोळ आणि घर त्या क्षणी मला एकाच माणसात दिसले. जो वाद मी वीस-बावीस वर्षांचा असताना घातला होता, तो त्या दिवशी मिटला.

आतेभाऊ फोनवर वाट पाहत होता. मी म्हणालो, "होय रे, आमचा संघ जिंकला." 'आमचा' हा शब्द या गावाच्या संदर्भात इतक्या सहजपणे मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला.

नंतर कपाटातून ती वही काढली. आखलेल्या रेघांत त्या सामन्याची धावसंख्या भरावी असे फार वाटले, पण हात पुढे झाला नाही. ज्याने तीस वह्या तागडीत घातल्या, त्याला एकतिसावी लिहिण्याचा अधिकार कुठला? ती तशीच देवघराशेजारच्या फडताळात ठेवली आहे. यंदा रणजीचा सामना इंदुरात असला की एक दिवस रजा टाकून मैदानावर जाईन म्हणतो. वही मात्र नवी घेईन.