गाडी थांबली की आधी कुत्रा

कोहक्यात दोन वर्षं भाड्याच्या घरात काढली. बदलीची ऑर्डर आली ती ऐन मे महिन्यात. सामान टेम्पोने पुढे गेलं. प्रश्न उरला शेरूचा. गल्लीतलंच पिल्लू, पण लेकीने वाढवलेलं. घरमालक म्हणाले, "भैया, यहीं छोड़ दो, हम देख लेंगे." ते ऐकून लेक जेवलीच नाही. शेवटी शेरू आमच्याबरोबर गाडीत बसला.

भिलाई ते नागपूर सुमारे २६० किलोमीटर. निघायचं होतं पहाटे, पण निरोप घेता घेता नऊ वाजले. राजनांदगाव मागे टाकलं आणि एका ढाब्यावर चहाला थांबलो. गाडी झाडाखाली लावली, काचा दोन बोटं खाली ठेवल्या. दहा मिनिटांचं काम म्हणता म्हणता पंचवीस मिनिटं झाली. तेवढ्यात सावली सरकली होती.

लेकीच्या ओरडण्याने धावलो. शेरूची जीभ लालभडक, तोंडातून लाळेची तार, पाय लटपटत होते. ढाब्यावरच्या पोराने हापशाचं पाणी आणलं. पोटावर, मानेवर, पंजांवर ओतत राहिलो, हिने ओढणीने वारा घातला. मग एसी लावून गाडी मागे राजनांदगावकडे वळवली. डॉक्टरांनी ताप पाहिला, पाणी मारूनही ४१ अंश होता. कुत्र्याचा नेहमीचा असतो ३८ ते ३९. ते म्हणाले, "रस्त्यात भिजवलंत म्हणून हाती लागला."

लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. आमच्या युनिटमध्ये श्वानपथक होतं. त्यातले उस्ताद गाडी थांबली की आधी कुत्रा उतरवत, त्याला पाणी पाजत आणि मगच स्वतःची बाटली उघडत. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण तो सरकारी कुत्रा, ती ड्यूटी. हा घरचा, म्हणून मी नियमच विसरलो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि बंद गाडीतली हवाच तापली की धापांचाही उपयोग होत नाही. बाहेर २४ अंश असले तरी उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ४० च्या पुढे जातो. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आमच्याकडे तर मे महिना होता.

तेव्हापासून आमच्या गाडीचे स्टँडिंग ऑर्डर ठरले आहेत. शेरू मागच्या सीटवर. छातीपट्टा सीटबेल्टला अडकवलेला. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, कारण ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. डोकं खिडकीबाहेर नाही, धूळ-खडे डोळ्यांत जातात. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नाही, नाहीतर ओकतो. दर दोन तासांनी थांबा आणि पाणी. दार उघडण्याआधी दोरी हातात, कारण हायवेवर उडी मारलेला कुत्रा परत मिळेलच असं नाही. आणि ढाब्यावर एक माणूस कायम त्याच्याजवळ. आळीपाळीने जेवायचं, पहारा बदलतो तसं.

आता शेरूचं तोंड पांढरं झालंय. गाडी थांबली की लेक आधी मागचं दार उघडते. मी चहाला नंतर जातो.

जय हिंद.