होल्डची रात्र

शनिवार, लालबाग.

आजोबा १९८२च्या संपापर्यंत गिरणीत होते. गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली, पण चिप डिझाइनचं काम अजून बेंगळुरूकडेच जास्त. म्हणून मीही बेंगळुरूलाच असतो. सुट्टीला आलो तरी लॅपटॉप सुटत नाही.

दिवसभर होल्ड व्हायोलेशन्स. सेटअप चुकला, म्हणजे डेटा उशिरा पोचला, तर चिप निदान कमी वेगाने चालवता येते. होल्ड चुकला, म्हणजे डेटा वेळेआधीच पोचला, तर क्लॉक कितीही हळू करा, उपयोग नाही. मग वाटेत बफर टाकून सिग्नलला मुद्दाम रेंगाळवायचं. पण बफरलाही जागा लागते, आणि नेमकी गर्दीच्या भागात ती नसते. दाटीवाटीने घुसवला, की शेजारच्या तारा वळसे घेतात आणि तिकडचा सेटअप बोंबलतो. नव्या पोराच्या वाट्याला हेच निस्तरणं येतं. चिपची मुख्य मांडणी, फ्लोअरप्लॅन, सीनियर लोकांकडे!

आईने विचारलं, "नक्की करतोस काय रे?" म्हटलं, "आपल्या चाळीसारखंच. एका उंचीच्या खोल्यांच्या ओळी, दोन ओळींत वीजपट्टी सामाईक."

"आणि पाण्याची वेळ कोण ठरवतं?"

क्लॉकचा ठोका सगळीकडे पोचवणाऱ्या क्लॉक ट्रीवर आईने थेट बोट ठेवलं. समजावत बसलो, तेवढ्यात राउटिंगचा रन पडला. लॉग बघतो.