नोकरी घेण्याआधीचा मशवरा

आमच्या धाकट्या मुलाला एका छोट्या चार्टर कंपनीने सहवैमानिकाची नोकरी देऊ केली. कंपनीकडे विमाने तीन, आणि उत्तर द्यायला मुदत पंधरा दिवसांची. कुंभार पिंपळगावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मशिदीतून बाहेर पडताना लोक मुबारकबाद देऊ लागले, काहींनी मिठाईची आठवण करून दिली. घरात मात्र आम्ही अजून ‘होय’ म्हटले नव्हते. आज आपल्या अनेक घरांतली मुले आईवडिलांना अनोळखी असलेल्या क्षेत्रांत जात आहेत, म्हणून त्या पंधरा दिवसांत आम्ही काय विचार केला ते येथे लिहीत आहोत.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. कडक वैद्यकीय तपासणी असते, लेखी परीक्षा असतात आणि किमान 200 तासांचे उड्डाण करावे लागते. खरा पैसा या तासांना लागतो. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. मोसंबीच्या बागेतला एक तुकडा विकला, उरलेली रक्कम मुलाच्या मामूंनी आणि चाचांनी कर्जे-हसना म्हणून दिली. परवाना मिळाला, पण मोठ्या विमान कंपन्यांची भरती काही मिळाली नाही. दोन वर्षे तो घरी राहून अर्ज करत होता आणि थोरल्याबरोबर कापूस वेचणीचा हिशेब बघत होता. त्यामुळे हे पत्र आले तेव्हा नकाराचा विचारसुद्धा नाशुक्री वाटावा, अशीच घरची परिस्थिती होती.

चार्टर म्हणजे वेळापत्रक नसलेले विमान. कधी उद्योगपती, कधी निवडणुकीच्या धावपळीतले नेते, तर कधी मुंबईच्या इस्पितळात तातडीने न्यायचा रुग्ण. रात्री फोन येतो आणि पहाटे निघावे लागते. लातूर, यवतमाळ, धाराशिव, बारामती अशा लहान विमानतळांवर मोठ्या विमानतळांसारखी सगळी उपकरणे नसतात. बहुतेक वेळा धावपट्टी डोळ्यांनी पाहूनच उतरावे लागते, आणि नियमाने त्यासाठी 5 किलोमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसावे लागते. धुके उतरलेले असते, पण मागे बसलेल्या पाहुण्याची सभा दहा वाजताची असते.

या नोकरीच्या जमेच्या बाजूही मोठ्या होत्या. छोट्या कंपनीत नव्या मुलाला हवामान, इंधन, वजनाचा हिशेब, कागदपत्रे अशी सगळी कामे करावी लागतात, त्यामुळे तो लवकर शिकतो. उड्डाणाचे तास नोंदवहीत जमा होतात, आणि पुढची दारे त्याच तासांनी उघडतात. रुग्णाला वेळेवर पोहोचवण्याचे सवाब तर वेगळेच.

दादींना मात्र 26 एप्रिल 1993 आठवत होता. त्या दिवशी औरंगाबादहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि 118 पैकी 55 जण दगावले. “मौत तर घरातही येते, बेटा,” दादी म्हणाल्या, “पण तिला बोलवायला जाऊ नये.” मुलाने शांतपणे सांगितले, “दादी, विमान उशिरा उचलले गेले आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहने थांबवली नव्हती, अशी कारणे चौकशीत निघाली. दोन्ही कामे माणसांचीच होती.”

मग त्याने आम्हाला आणखी एक अपघात समजावून सांगितला. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरीफ येथे धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळली आणि 583 माणसे गेली. परवानगी न मिळताच विमान दौडवणारा केएलएमचा कॅप्टन अतिशय अनुभवी होता, इतर वैमानिकांना शिकवणारा होता. समोरचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती झटकली आणि विमान पुढेच गेले. त्यानंतर कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, याचे शिक्षण जगभरच्या वैमानिकांना देण्यात येऊ लागले.

हे ऐकल्यावर आमचा प्रश्नच बदलला. तोवर आम्ही पगार किती आणि धोका किती, एवढेच मोजत होतो. आता विचारायचे होते ते हे : या नोकरीत आमच्या मुलाला ‘नाही’ म्हणता येईल का?

त्या नजरेने पत्र पुन्हा वाचले. ठरलेला पगार कमी होता आणि बाकीची कमाई उड्डाणाच्या तासांवर होती. म्हणजे उडाला तरच पैसा. त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करणार, पण तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर तो सगळा परत करायचा. छोट्या विमानात हवाईसुंदरी नसते, सामान आणि खाण्यापिण्याचे सहवैमानिकालाच बघावे लागते. पाहुण्यांचा दारूचा पेला भरावा लागेल का, हे मुलाने मुलाखतीतच विचारले होते. “नाही,” असे तोंडी उत्तर मिळाले होते.

उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे एकाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले, तेव्हा त्यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. कुरआनातली सर्वांत लांब आयत (अल-बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मुलाने इस्तिखारा केला, आम्हीही केला. पण इस्तिखारा केला म्हणून चौकशी टळत नाही. मुलाने कंपनीला अदबीने पत्र लिहिले : विमानांची देखभाल कोण करते? दोन कामांमध्ये विश्रांती किती? हवामानामुळे उड्डाण नाकारले तर पगार कापला जातो का? कंपनीनेच काम थांबवले तर प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या अंगावर? आणि दारूचे तेवढे लिहून मिळेल का?

हे करताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मुलाला धुक्यात विमान काढायला लावणारा दाब फक्त मालकाचा नसतो, घरचाही असतो. बाग विकली आहे, मामूंचे पैसे द्यायचे आहेत, गावाने मुबारकबाद दिली आहे, हे सगळे त्याच्याबरोबर त्या लहानशा कॉकपिटमध्ये बसणार. कंपनीकडून आम्ही लेखी मागत होतो, मग आम्हीही लिहून देणे लागत होतो.

मामू आणि चाचांना घरी बोलावले, दादींना मधे बसवले आणि एका कागदावर लिहिले : दोन वर्षे कर्जाची एक पैही मुलाकडून मागितली जाणार नाही, ती थोरला आणि आम्ही शेतातून फेडू. जिवाच्या किंवा ईमानाच्या कारणाने नोकरी सोडून तो घरी आला, तर प्रशिक्षणाचा खर्च घर उचलेल आणि त्याला कोणी बोल लावणार नाही. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. दादींनी अंगठा दिला.

कंपनीची उत्तरे आली. देखभाल आणि विश्रांतीबद्दल तपशील होता. हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्यास ठरलेला पगार कापणार नाही, असे लिहून आले. दारूचेही लिहून मिळाले. कंपनीने काम थांबवल्यास खर्चाची वसुली नाही, हेही त्यांनी मान्य केले. तीन वर्षांची अट मात्र कमी केली नाही. ती आम्ही समजून स्वीकारली आणि मुदतीच्या दोन दिवस आधी मुलाने होकार कळवला.

रिज्क देणारा अल्लाह आहे. कंपनी असो की शेत, ती निमित्ते आहेत. मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली की पगार आपण विचारतोच. तिथे ‘नाही’ म्हणता येते का, हेही विचारावे. आणि तसे म्हणून ते परत आले, तर घराचे दार त्यांना उघडे आहे, हे त्यांना जाण्याआधीच सांगून ठेवावे. अल्लाह सर्वांच्या मुलांना सलामत ठेवो. आमीन.