कपाटातली बुरशी



2023 च्या ऑगस्टमधला एक रविवार. मिस्सा संपताना फादरांनी सूचना दिली की 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, आपण सृष्टीकाळ पाळणार आहोत. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक 2015 मध्ये आलं आणि त्याच वर्षी त्यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी सांगतो. या वेळी फादरांचा बेत वेगळा होता. मुलांनी आपल्या मलप्रभेचे फोटो काढायचे आणि ते चर्चच्या मागच्या भिंतीवर लावायचे. “मोबाईलवरचे चालतील. पण कुणाकडे चांगला कॅमेरा असेल तर बघा,” असं म्हणून त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं.

दादाचा कॅमेरा माझ्याकडे आहे, हे सगळ्या धर्मग्रामाला माहीत होतं. दादाचा मुलगा माझ्या दोन बाकं पुढे बसला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

दादा 2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याच्या महिन्याच्या मिस्सेनंतर वैनींनी कॅमेऱ्याची बॅग माझ्या हातात दिली. “भाऊजी, हे तुमच्याकडं असू दे. माझ्याच्यानं बघवत नाही,” एवढंच म्हणाल्या. मी ती घरी आणली. कॅमेरा मऊ सुती कापडात गुंडाळला, परत चामड्याच्या बॅगेत घातला, बॅग लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आणि किल्ली माझ्या जपमाळेशेजारी टांगली. दादाची वस्तू माझ्याइतकी कुणी जपली नसती, असं मला वाटत होतं.

फादरांच्या सूचनेनंतर त्याच दुपारी कपाट उघडलं. बॅगेला जुन्या पावसाळी चपलेचा वास येत होता. बॅटरी आतच राहिली होती, ती मेलेली. मोठी झूम लेन्स खिडकीकडे धरून आतून पाहिलं, तर काचेच्या कडेपासून मधोमध पांढऱ्या बारीक तंतूंचं जाळं पसरलेलं. आधी कोळ्याचं जाळं वाटलं. फडक्यानं पुसलं तर ते हललंच नाही, कारण ते आत होतं.

खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना फार सांगायला नको. जून ते सप्टेंबर आमच्या भिंतींना पाणी सुटतं, मिठाच्या बरणीत मीठ वितळतं, अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटतात. त्या हवेत मी एक यंत्र दोन पावसाळे आणि तिसऱ्याचा अर्धा भाग अंधारात कोंडून ठेवलं होतं.

कॅमेरा घेऊन बेळगावला गेलो. दुरुस्तीवाले गृहस्थ वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी लेन्स छोट्या टॉर्चसमोर धरली आणि विचारलं, “किती दिवस झाकून ठेवलासा ओ हे?”

मी म्हटलं, “दोन वर्षं. पण पाण्याचा थेंबसुद्धा लागू दिला नाही.”

ते हसले नाहीत, तेवढं बरं झालं. कारण त्यांनी समजावून सांगितलं. बुरशीला पाण्याचा थेंब लागत नाही, दमट हवा पुरते. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर राहिला, उजेड नाही, वारा नाही, की ती धरते. चामडं आणि कापड ओलावा धरून ठेवतात, म्हणून लेन्स बॅगेत साठवणं सगळ्यांत वाईट. बुरशी काचेवर वाढताना आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते. जाळं पुसता येतं, पण खाल्लेली जागा भरून येत नाही. “नदीवर नेऊन भिजवला असतासा तर मी एवढ्यात वाळवून दिला असता,” ते म्हणाले. पुढं त्यांचं त्यांनीच सुधारलं, “म्हणजे, गोड्या पाण्यात. समुद्रात पडला तर माझ्याकडं आणूच नका.”

लेन्स खोलून साफ करायला आठ दिवस लागणार होते. बॉडी ठीक होती. त्यांनी आपल्याकडची बॅटरी घालून ती चालू करून दाखवली आणि कार्डावर काही फोटो आहेत म्हणाले. बॅगेचे बाहेरचे कप्पे रिकामे करायला सांगितले, तेव्हा मी ते पहिल्यांदा उघडले. दोन वर्षांत मी त्या कप्प्यांत हात घातला नव्हता, हे लिहितानाही लाज वाटते. आत निघालं ते असं: दुधाच्या पिशव्या बांधायचे चार रबर, कुठल्याशा लॉजमधली अंघोळीची प्लास्टिकची टोपी, दादाच्या जुन्या बनियनचे धुऊन घडी केलेले दोन तुकडे, रबरी फुंकणी आणि एक जाड पारदर्शक पिशवी, जिच्या तळाला लेन्सच्या मापाचं गोल भोक पाडलेलं होतं.

दादा असाच जायचा. रविवारी पहिल्या मिस्सेनंतर नदीवर, पाऊस असो वा नसो. पिशवीच्या भोकातून लेन्सचं तोंड बाहेर काढायचा, हूडवर रबर चढवायचा आणि पिशवीच्या उघड्या बाजूनं हात घालून फोटो काढायचा. हूड ऊन अडवायला असतो असं मला वाटायचं; पावसात तो काचेवर थेंबही पडू देत नाही. कॅमेरा भिजू नये म्हणून नव्हे, फारसा भिजू नये म्हणून तो हे करायचा, आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी कॅमेरा पुसून पंख्याखाली ठेवायचा. एकदा कारवारच्या किनाऱ्यावरून आला तेव्हा आधी ओलसर फडक्यानं आणि मग कोरड्या फडक्यानं पुसत बसला होता. मीठ सुकलं की काढता येत नाही, म्हणाला. त्या रविवारी त्याला जेवायला चार वाजले आणि वैनी चिडल्या होत्या.

दादा गेल्यावर महिन्या-दीड महिन्यानं पोरगं माझ्याकडं आलं होतं. तेरा वर्षांचं. दारातच उभं राहून म्हणालं, “काका, पप्पांचा कॅमेरा देता? नदीवर नेतो आणि संध्याकाळी परत आणून देतो.” मी म्हटलं, “पाऊस आहे बाळा. भिजेल. पडलाबिडला तर? मोठा झालास की तुझाच आहे.” तो बरं म्हणून गेला. पुन्हा कधी मागितला नाही. माझ्याशी त्याचं बोलणंही कमी झालं, आणि मी त्याचं खापर त्याच्या वयावर फोडलं.

बेळगावहून आल्यावर कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर पाहिले. बहुतेक 2021 च्या फेब्रुवारी-मार्चमधले. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले, खंड्याची निळी पाठ, म्हशी. सगळ्यात शेवटचा फोटो वाकडा होता. नदी एका बाजूला कललेली, अर्धं आकाश पांढरं फटक. मधोमध दादा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा, दोन्ही हात पुढं केलेले, तोंड उघडं, काहीतरी ओरडतोय.

तो फोटो कुणी काढला असेल, हे कळायला मला एक क्षणही लागला नाही. दादानं स्वतः पाण्यात उभं राहून ज्याच्या हातात कॅमेरा दिला होता, त्याच्याच हातात मी दोन वर्षं तो दिला नव्हता.

लेन्स आली. जाळं गेलं होतं, पण टॉर्च धरली की मधल्या एका काचेवर फर्नच्या पानासारखा पुसट डाग दिसतो. तो तसाच राहणार. वैनींच्या घरी गेलो आणि कॅमेरा पोराच्या पुढ्यात ठेवला. त्यानं हात लावला नाही. “माझा मोबाईल आहे,” म्हणाला. मी लेन्स त्याच्या हातात देऊन डाग दाखवला, कसा पडला ते सांगितलं आणि माफी मागितली. धर्मशिक्षक म्हणून प्रायश्चित्ताच्या संस्कारावर मी किती तास बोललो असेन. पंधरा वर्षांच्या मुलापुढं दोन वाक्यं बोलताना जीभ जड झाली. तो बराच वेळ लेन्स फिरवत बसला. मग म्हणाला, “ही झूम बाहेर काढली की बाहेरची हवा आत ओढते. पप्पा म्हणायचे, धबधब्याजवळ झूम फिरवायची नाही आणि लेन्स बदलायची नाही.” त्या दिवशी तो तेवढंच बोलला.

त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता. एरवी सप्टेंबरात मलप्रभेत उतरायचं धाडस कुणी करू नये. आपल्याकडं ऊन असतं, पण वर कणकुंबीला, जिथं ही नदी उगम पावते, तिथं पाऊस झालेला असतो आणि पाणी न सांगता चढतं. तरीही वर्गातल्या नऊ मुलांना घेऊन असोग्याच्या खडकांकडे गेलो तेव्हा मी नियम घातला: पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काड्या-पालापाचोळा वाहत येताना दिसला की सगळ्यांनी काठावर. कॅमेरे मागाहून बघू.

पोरानं मुलांना जे दाखवलं ते मीही मान वाकवून ऐकलं. पट्टा आधी गळ्यात, मग कॅमेरा बॅगेबाहेर. बॅग काठावर कोरड्या खडकावर, चेन लावलेली. ट्रायपॉडचे पाय वाळूत रोवायचे असतील तर घरी जाऊन ते उघडून धुवायचे, नाहीतर वाळू सांध्यांत कचकचते. एसीच्या गाडीतून आलात तर कॅमेरा लगेच काढायचा नाही. थंड काचेवर दमट हवेचं धुकं बसतं, म्हणून बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचा. (आम्ही टेम्पोतून आलो होतो, त्यामुळे मुलं हसली.) पाण्यात पडलाच तर चालू करून बघायचा मोह आवरायचा, बॅटरी आणि कार्ड ताबडतोब काढायचं. तांदळाच्या डब्यात घालून काही होत नाही, उलट पीठ आत जातं. दादाच्या बॅगेतला पोलरायझर त्यानं लेन्सवर चढवला आणि हळूहळू फिरवला. पडद्यावर पाण्यावरची चमक विझत गेली आणि तळाचे गोटे, शेवाळ, बोटाएवढे मासे वर आले. एक मुलगी म्हणाली, “अय्या, इतकं सगळं खाली होतं?”

पलीकडच्या वाकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता. पोरगं त्याच्या रोखानं खडकाखडकावरून पुढं गेलं. मी काठावरून पाहत होतो. एका शेवाळलेल्या खडकावर त्याचा पाय सरकला आणि तो कंबरेपर्यंत पाण्यात बसला.

मी ओरडलो, “कॅमेरा!”

त्याचे दोन्ही हात डोक्यावर उंच होते, कॅमेरा हातात. “कोरडा आहे काका,” तो तिथूनच म्हणाला. मग सावकाश उठला. गुडघा चांगलाच सोलला होता, रक्त पाण्यात उतरत होतं. मुलं गप्प झाली. मी पाण्यात उतरून त्याच्यापर्यंत गेलो, त्याला धरून बाहेर आणलं, रुमाल बांधला. पण पहिला शब्द जो निघाला तो निघाला होता, आणि तो नऊ मुलांनी ऐकला होता.

त्या रात्री दादाचा तो वाकडा फोटो पुन्हा उघडला. मोठा करून पाहिला. कॅमेऱ्याच्या काळजीनं दादानं हात पुढं केलेत, असंच मी धरून चाललो होतो. पण त्याची नजर लेन्सकडे नाही. ती खाली आहे, फोटो काढणाऱ्याच्या पायांकडे.

चर्चच्या भिंतीवर एकोणतीस फोटो लागले. खंड्याचा एकही नव्हता, तो उडून गेला होता. 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या मिस्सेला वैनींनी दादाचा तो पाण्यातला फोटो छापून आणला. लोकांना तो वाकडा वाटला असणार. वैनींनी तो सरळ करून घेतला नाही.

मग 19 नोव्हेंबरला, सामान्य काळातल्या तेहेतिसाव्या रविवारी, मत्तयाच्या शुभवर्तमानातला रुपयांचा दृष्टान्त वाचला गेला. मूळचा शब्द तालांत, आणि एक तालांत म्हणजे मजुराची जवळपास वीस वर्षांची कमाई. तिसऱ्या चाकराला मिळालेलं धन काही थोडं नव्हतं. हे मी वर्गात सांगत असताना जो प्रश्न दर खेपेला येतो तोच आला. “पण सर, त्यानं चोरलं तर नाही ना? जसंच्या तसं परत दिलं की!” एरवी मी या प्रश्नाला आळशीपणाचं ठरलेलं उत्तर देतो. या वेळी मी लेन्स मागवली आणि मोबाईलच्या टॉर्चवर धरून डाग दाखवला. एकेकानं डोळा लावून पाहिलं. शेवटच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, “सर, मग त्या चाकराच्या पैशाला पण बुरशी आली असेल?” वर्ग हसला. चांदी जमिनीत काळी पडते, एवढं मी सांगू शकलो.

कॅमेरा आता वैनींच्या घरी असतो, स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात. डब्यात दमटपणा दाखवणारा छोटा मीटर आहे आणि कापडाच्या पुरचुंडीत सिलिकाचे निळे दाणे. गेल्या आठवड्यात पोराचा फोन आला.

“काका, दाणे गुलाबी झालेत. भाजायला हवेत. मम्मी स्वयंपाकाचा तवा देत नाही, त्यात रसायन असतं म्हणते. तुमच्याकडं जुना आहे काय?”

होता. घेऊन गेलो.